आजोबा कोणत्या आघाडीवर होते?

लढाईचे किस्से ठरवून कुणी गोळा करत नाही. आमच्याकडे ते जेवणाच्या सुट्टीत जमत गेले. दुबईतल्या साइटवर आम्ही तिघं एकत्र डबा खातो. मी स्टोअर सांभाळतो, माणचा संभाजी फोरमन आहे आणि रत्नागिरीचे यूसुफभाई क्रेन चालवतात. तिघांचेही आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, तीन दिशांना तिघं. हे कळायलाच आम्हाला सहा वर्षं लागली. पण एक गोष्ट निघाली की तिच्यामागून दुसरी येतेच.

*

माझे आजोबा आधी आफ्रिकेच्या वाळवंटात होते. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. फक्त गावी, घराच्या ओट्यावर, चप्पल पायात घालण्याआधी ती उलटी करून दोनदा आपटायचे. आम्ही पोरं हसायचो.

मी इथं आलो तेव्हा मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमध्ये राहायचो. पहिल्याच सकाळी एका जुन्या पठाण ड्रायव्हरनं बजावलं, "बूट झटक के पहनो. रेत में बिच्छू होता है."

मी बूट आपटला. विंचू निघाला नाही. पण बूट हातात धरून मी खाटेवर बसून राहिलो, आणि बस चुकली.

*

आफ्रिकेतून आजोबांची पलटण इटलीला गेली. तिथं त्यांच्या मांडीत गोळी लागली. एका शेतघराच्या दारात पडून ते "पाणी, पाणी" करत होते. आतून एक बाई आली, पुन्हा आत गेली आणि पावाचा तुकडा घेऊन आली. त्यांच्या भाषेत पावाला 'पाने' म्हणतात. घरात तेवढाच पाव असावा, कारण मागं उभी असलेली तिची मुलगी त्या तुकड्याकडे बघत होती. घशाला कोरड पडलेली असताना आजोबांनी तो चावून चावून खाल्ला. नको म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणायचे.

गेल्या वर्षी साइटवर एक इटालियन आर्किटेक्ट बाई आल्या होत्या. मोडक्या इंग्लिशमध्ये मी त्यांना हे सांगितलं. पर्समधली पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. "तुमच्या आजोबांसाठी," म्हणाल्या.

*

यूसुफभाईंचे आजोबा मालवाहू जहाजावर आगवाले होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे. भर समुद्रात जहाज बुडवलं गेलं. गावात तार आली. जमातीनं मयताशिवायच त्यांच्या जनाज्याची नमाज पढली. आणि चार महिन्यांनी आजोबा स्वतःच्या पायांनी खाडी उतरून घरी आले. त्यांना बघून त्यांच्या आईची शुद्ध हरपली.

पुढं ते चाळीस वर्षं जगले. वारले तेव्हा कुणीतरी विचारलं, यांची नमाज तर झालेली आहे, आता कसं करायचं? गावातले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "पुन्हा पढू. या वेळी तो आहे."

*

यूसुफभाईंची मुलगी सना इथं दुबईतच, ऊद मेथा भागातल्या शाळेत जाते. तिला महायुद्धाचं प्रोजेक्ट होतं. नकाशावर प्रत्येक आघाडीला वेगळ्या रंगाचा बाण. तिनं विचारलं, "Abba, which front was he on?"

यूसुफभाई नकाशा बघत राहिले. म्हणाले, "बेटा, वो नीचे थे. बॉयलर के पास."

सनानं निळ्या समुद्रात पेन्सिलीनं एक बारीक टिंब काढलं. बाण नाही काढला.

*

संभाजीचे आजोबा ब्रह्मदेशात गेले आणि परत आलेच नाहीत. संभाजीचे वडील, बापू, तेव्हा आईच्या पोटात होते. आता बापू ऐंशीच्या पुढं आहेत. वडिलांचा फोटोसुद्धा त्यांनी कधी पाहिलेला नाही, कारण तो काढलाच नव्हता.

आमच्या साइटवर एक जपानी इंजिनिअर आहेत. वयानं संभाजीएवढेच, अबोल. एकदा बोलता बोलता कळलं की त्यांचेही आजोबा ब्रह्मदेशातच गेले. त्यांच्या आजीकडे सरकारातून एक लाकडी पेटी आली. अस्थी असतील म्हणून तिनं उघडली, तर आत दगड होता.

संभाजी त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं इंजिनिअर साहेबांना आमच्यात बोलावलं आणि बापूंना व्हिडिओ कॉल लावला. हे कोण, यांचे आजोबा कुठं गेले, पेटीत काय निघालं, सगळं सांगितलं.

इकडे साहेब उठले, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि फोनपुढं कमरेत वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले. तिकडे बापूंनी हात जोडले.

मग बापू म्हणाले, "संभा, त्यास्नी इचार, जेवलं का?"

संभाजीनं विचारलं. साहेबांनी मान हलवली, अजून नाही.

"मग आधी त्यास्नी जेवाय घाल," बापू म्हणाले. "लढाईचं मागनं बोलू."