सहदेव जिवंत पाहिजे

शेवंतीमावशीला कोणी देवमाणूस म्हटलं की माझं डोकं फिरतं. देवमाणूस वगैरे काही नाही ती. सूड घेणारी बाई आहे, आणि तिने तो कसा घेतला ते मी या डोळ्यांनी बघितलंय. दिवा स्टेशनजवळ तिच्या खोलीखालीच माझं पार्लर आहे. मी मेघना.

मावशी चिपळूणकडची. नवरा लवकर गेला. डोंबिवलीत लोकांकडे पोळ्या लाटून तिने एकुलत्या ऐश्वर्याला बी.एस्सी. केलं. पोरगी तिथल्याच रंग बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. सहदेव तिचा सुपरवायझर. एकदा पिंपांवर चुकीची लेबलं लागली आणि सगळा माल परत आला. चूक त्याची, पण त्याने ती हिच्यावर ढकलली. अख्ख्या डिपार्टमेंटसमोर कान धरून माफी मागायला लावली. घरी येऊन आईच्या मांडीवर ढसाढसा रडलेली ती.

मग पोरगी झोपेना, जेवेना. नवे ड्रेस शेजारच्या श्रियाला देऊन टाकले. बायका म्हणाल्या, दृष्ट लागलीय, मीठ-मिरच्या ओवाळा. मावशीने ओवाळल्या. तुझ्या मनात काय चाललंय गं, असं सरळ कोणी विचारलंच नाही. एक दिवस ऐश्वर्याने जीव दिला. कसा, ते मी सांगणार नाही. चवीने विचारणाऱ्यांनी दुसरं दार बघावं.

तिचं दहावंही झालं नव्हतं, तेवढ्यात कंपनीतून बातमी पसरली की पोरीचं बाहेर लफडं होतं. पोलीस चौकशीला आल्यावर सहदेवनेच स्वतःची कातडी वाचवायला हे उठवलेलं. टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या बायका तेच चघळत बसायच्या आणि मावशी दिसली की गप्प. एकीला मी तिथेच झापलं. पण कितीजणींची तोंडं धरणार?

मावशी मला म्हणाली, "पोरगी तर गेली, मेघना. तिचं नाव नाही जाऊ देणार मी. ज्या तोंडाने तो बोलला ना, त्याच तोंडाने सगळ्यांसमोर परत घ्यायला लावीन त्याला."

तेव्हापासून रोज पोळ्या आटपल्या की बाई कंपनीच्या गेटवर. शिफ्ट सुटून सहदेव बाहेर आला की खणखणीत आवाजात, "सहदेव, माझ्या पोरीबद्दल खोटं बोललास. परत घे." शिवी नाही, शाप नाही. तो मागच्या गेटने पळायला लागला, तर ही त्याच्या बिल्डिंगखाली जाऊन उभी. वॉचमनने हाकललं तर रस्त्यापलीकडे. होता होता त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. लेबलांचं वरच्या साहेबांना कळलं आणि कंपनीने त्याला गुपचूप काढलं. लाज कशाला वाटायला हवी, मी पार्लरमध्ये पेढे वाटले.

एका दुपारी मीही तिच्याबरोबर त्याच्या बिल्डिंगखाली गेलेले. त्या दिवशी सहदेव स्वतःच खाली आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. वॉचमनच्या हातात सहदेवचं घड्याळ होतं, सायबांनी फुकट दिलं म्हणाला. सहदेवने मावशीला हात जोडले.

"मावशी, उद्यापासून तुम्हाला यायला लागणार नाही. मीच नसेन."

मला काय वाटलं सांगू? बरं झालं! जा एकदाचा! मी मावशीचा हात ओढला. "चल. भरला त्याचा घडा." पण ती जागची हलेना. मग त्याच्या मागोमाग जिना चढून घरात गेली आणि त्याच्यासमोर बसली.

"मरायचं डोक्यात आहे तुझ्या?" भाजीत मीठ घातलंस का, असं विचारावं तसं तिने विचारलं.

तो एकदम फुटला. "हो. महिनोन् महिने झोप नाही. पोरं फोन घेत नाहीत. मी नसलेलाच बरा."

"अरे वा रे वा!" मावशी कडाडली. "माझ्या पोरीला बदनाम करून तू सुटणार? तू मेलास की लोक म्हणतील, बिचारा. आणि तुझं खोटं कायमचं खरं होऊन बसेल. जमायचं नाही. तू जगायचंस!"

मग माझ्याकडे वळून, "एक चार चार एक सहा लाव." मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन आहे तो. ऐश्वर्या गेल्यावर कोणीतरी तिला नंबर दिलेला. मी चडफडत लावला. पलीकडची बाई म्हणाली, त्यांना एकटं सोडू नका, उपदेश करू नका, ऐकून घ्या, डॉक्टरकडे न्या. मावशीने त्याच्या भावाला बोलावून घेतलं आणि तो येईपर्यंत तिथून उठली नाही. सहदेव बोलत होता, ती दात आवळून ऐकत होती.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"कोणी नाही. याने एक खोटं परत घ्यायचंय, तोवर हा जिवंत पाहिजे मला."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सहदेवला तपासायला आत घेतलं. नंतर मावशीने त्यांना बाजूला गाठलं. "माझ्या पोरीला यानेच मारलं ना?"

"बहुतेक वेळा एकच कारण नसतं, मावशी. मनाचा आजार असतो, झोप उडते, एकटेपण असतं, त्यात असा अपमान. सगळं एकदम अंगावर येतं. वेळेत मदत मिळाली तर पुष्कळजण त्यातून बाहेर येतात."

"म्हणजे याला माफ करू?"

"असं कुठे म्हटलं मी?"

रिक्षात बसल्यावर मावशी रडली. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा.

नंतर कितीतरी दिवस ती त्याच्याकडे जात राहिली. डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी पोटात गेलेली बघितल्याशिवाय उठायची नाही. भाऊ सोबतीला राहिला. सहदेव हळूहळू जेवायला लागला, झोपायला लागला. आणि एकदा आपणहून म्हणाला, "चला मावशी, कंपनीवर."

शिफ्ट सुटताना तो गेटवर उभा राहिला. "लेबलं मी चुकवली. ऐश्वर्याचा काही दोष नव्हता. लफड्याचं मी रचलं. खोटं होतं ते." पॅकिंगच्या पोरी जागच्या जागी थांबल्या. दोघीतिघी रडायला लागल्या. एकीने येऊन मावशीचा हात धरला.

गर्दी पांगल्यावर सहदेव तिच्या पायाशी वाकला. "आता तरी माफ कराल?"

मावशीने पाय मागे घेतले.

"नाही," ती म्हणाली. "आजची गोळी घेतलीस का?"