डोळे बघून ओतलेला कहवा

कंपवातामुळे नवरा व्हीलचेअरवर. तरी व्हिएन्ना, प्राग, बर्लिन करून आम्ही मस्कतला परत उतरलो. युरोपात प्रत्येक स्टेशनवर मदतीला माणूस हजर, पण विचारणार मला: यांना पाणी हवंय का, यांना थंडी वाजतेय का? उत्तरं देऊन देऊन माझा जीव मेटाकुटीला आला होता.

विमानतळाबाहेर टॅक्सीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावरच्या ओमानी म्हाताऱ्याने थर्मास उघडला आणि नवऱ्याला इवल्याशा कपात कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, दिला. ओमानात रिकामा कप हलवला की 'पुरे' असं समजतात. नवऱ्याचा हात तर सदाच हलतो. म्हाताऱ्याने अदबीने कप काढून घेतला. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी समजावून सांगणार, तोच म्हातारा त्याच्याकडे निरखून बघत हसला.

"हाथ बोलता खलास," तो म्हणाला, "आँख बोलता और."

मग तो कपाकडे बघेचना. नवऱ्याच्या डोळ्यांत बघायचा आणि ओतायचा. शेवटी नवऱ्यानेच हसून "बस" म्हटलं.

मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. इतकं हलकं वाटलं, की टॅक्सी आली तरी मी जागची उठले नाही.