शेऱ्याचा रकाना

निवृत्त झाले त्याच वर्षी मी पोलीस मित्र झाले. रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमी गावात भाड्याच्या खोल्या वाढल्या होत्या, एक-दोन घरफोड्याही झाल्या होत्या. म्हणून प्रत्येक आळीतून दोघं-तिघं स्वयंसेवक निवडले गेले. हवालदारांबरोबर घरोघर जायचं, भाडेकरूंचे फॉर्म भरायचे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायची, एवढंच काम. गळ्यात ओळखपत्र आलं आणि मी ते सगळ्यांना दिसेल अशी बाजारातून चालू लागले.

आमचे हवालदार पेणचे, रोज येऊन-जाऊन करणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "शेऱ्याच्या रकान्यात डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहा. मनचं काही नको." तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली मी. मनात म्हटलं, हे मला काय शिकवणार!

माझ्या घरासमोरच्या खोलीत एक जोडपं राहायला आलं होतं, नदीकाठच्या आदिवासी वाडीतलं. नवरा एका कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये काम करायचा. त्यांच्याकडे रोज नवी माणसं यायची. खोली लहान, म्हणून ती माझ्या पायरीवर बसायची, गाठोडी तिथेच ठेवायची. मी दोनदा बोलले. "आता जातील हां, बाई," असं त्याची बायको म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीच माणसं पायरीवर.

त्यांचा फॉर्म मीच भरला. त्यानं सगळं नीट सांगितलं, सुवाच्य सही केली. मी घरी आले आणि रकान्यात लिहिलं, 'अनोळखी व्यक्तींची सतत ये-जा. व्यवहार संशयास्पद.' ये-जा खरी होती. संशयास्पद मी काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्या खोलीत एखादा बँकेतला कारकून पाहुण्यांसकट राहत असता तर माझ्या हातून तो शब्द उतरला नसता.

आठवड्याभरात त्याला ठाण्यात बोलावणं आलं. मग पुन्हा आलं. चौकशी साधीच होती, पण कामाचे दोन दिवस बुडाले. ठेकेदाराला कारण कळलं तेव्हा त्यानं गेटपास काढून घेतला. "पोलिसांचं मिटव, मग ये," म्हणाला.

एका दुपारी त्याची बायको माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी बाहेरच उभी राहिली.

"बाई, तुमी पोलिसांबरोबर असता. आमच्यावर कुणी काय लिवलंय ते ठाव नाय. तुमी एक कागद द्या ना, ही माणसं चांगली हायत म्हणून."

"पण तुमच्याकडे इतकी माणसं येतात तरी कशाला गो?" हा प्रश्न मी फॉर्म भरताना विचारायला हवा होता.

"वाडीतली हायत ती. जातीच्या दाखल्याचे, रेशनकार्डाचे अर्ज भरून घ्यायला येतात. वाडीत शिकलेले येवढे आमचे हेच."

मी आत गेले आणि कागद लिहिला. 'कुटुंब माझ्या परिचयाचे असून सुस्वभावी आहे.' खाली सही. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसतं "असू दे, असू दे" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं वाडीवरची वांगी आणून दिली. तीही मी घेतली. भाजी केली, खाल्ली.

तीन दिवसांनी हवालदार आले. त्यांनी टेबलावर तिनं ठाण्यात दिलेला तो कागद ठेवला आणि शेजारी फॉर्म.

"बाई, अक्षर एकच आहे. खरं कुठलं?"

"कागद."

"मग फॉर्ममधलं? तुम्ही काही पाहिलं होतं?"

"नाही."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही लिहिलंय म्हणून मी त्या माणसाला समोर बसवून तेच तेच विचारत होतो," एवढंच म्हणाले. मग कोरा कागद पुढे केला. शेरा चुकीचा होता, मी स्वतः काही पाहिलं नव्हतं, असं मी लिहून दिलं. ओळखपत्रही त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते खिशात घातलं. राहू दे, असं म्हणाले नाहीत.

चौकशी त्याच दिवशी बंद झाली. पण ठेकेदारानं तोवर दुसरा माणूस घेतला होता. महिनाअखेर त्यांनी खोली सोडली आणि कासूजवळच्या एका वीटभट्टीवर गेले.

पत्ता काढून मी कासूला गेले. नवरा कामावर होता, ती झोपडीपुढे भांडी घासत होती. मला पाहून उठली, हसली. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "तो शेरा मी लिहिला होता."

तिला आधी कळलंच नाही. मग हसू गेलं. "का, बाई?"

"माणसं पायरीवर बसायची म्हणून."

मोठ्यानं बोलल्यावर ते कारण किती क्षुद्र आहे ते मलाच ऐकू आलं.

"येवढ्यासाठी?" ती म्हणाली. उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. भांडी उचलली आणि आत गेली. मी थोडा वेळ उन्हात थांबले. ती बाहेर आली नाही. मग स्टेशनाकडे निघाले.

पुढे तिचा नवरा रोह्याच्या बाजारात मला दोनदा दिसला. कुठे काम करतो, हे विचारायचं धाडस झालं नाही. एकदा त्यानं मान हलवून ओळख दाखवली. मीच खाली पाहिलं.