आवक वहीत नसलेली नोंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हिला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तीन वर्षं टाळत आलो. मध्ये दोनदा लिहायला बसलो होतो — दोन्ही वेळा सुरुवात प्राप्तिकर खात्याच्या दिरंगाईपासून केली. किती सोपं असतं ते! सरकारी खात्याला नावं ठेवली की ऐकणारा लगेच मान डोलावतो. पण आमच्या निखिलचा रिफंड अडकला तो खात्यामुळे नव्हे.

निखिल माझा एकुलता एक मुलगा. बायको-मुलांसह कॅनडात असतो. शीळफाट्याजवळ त्याचा एक फ्लॅट होता, तो त्याने विकला. विकणारा परदेशात राहणारा असला की घेणाऱ्याला किमतीतूनच भलामोठा कर कापून सरकारात भरावा लागतो. मग विकणाऱ्याने रिटर्न भरायचं आणि जास्तीचा कर परत येण्याची वाट बघायची. त्या परत येणाऱ्या पैशांवर निखिलने तिकडे घर ठरवलं होतं.

रिटर्न भरलं वैशालीने. आमच्या डोंबिवलीतल्या गल्लीत, समोरच्या इमारतीखाली तिचा छोटा गाळा होता. वय पस्तिशीचं. माहेर शीळफाट्याकडच्या गावातलं, भातशेतीवाल्यांचं. कागदपत्रांच्या कामात पडलेली त्या घरातली ती पहिलीच. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांची रिटर्न्स तीच भरायची.

रिटर्न भरल्यावर ते आपणच भरलंय अशी खात्री द्यावी लागते. बहुतेकांचं ते ओटीपीवर भागतं. निखिलचा आधारला जोडलेला इथला नंबर कधीच बंद पडलेला, म्हणून सही केलेला कागद महिन्याच्या आत टपालाने बेंगळुरूला खात्याकडे पोचवायचा होता, नाहीतर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. तेव्हा तो इथेच आला होता; परत निघायच्या दिवशी त्याने सही केली, कागद पाकिटात घातला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "बाबा, उद्या हे वैशालीताईंकडे द्या. त्या स्पीडपोस्टने पाठवतील. विसरू नका हां."

ही म्हणाली, "अरे, ह्यांच्या हातात दिलंस म्हणजे पोचलंच समज. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकांवर स्वतः शिक्के मारलेत ह्यांनी!"

सगळे हसलो. खरंच होतं ते. चौतीस वर्षं मी पोस्टात काढली. दुसऱ्याचं टपाल अडवून ठेवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ते पाकीट मी अडवून ठेवलं.

विसरलो नाही. वय झालं, विसरलो — असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी माफ केलं असतं, हसण्यावारी नेलं असतं. पण मी विसरलो नव्हतो. कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली ते पाकीट होतं आणि रोज शर्ट काढताना बोटांना लागत होतं. का ठेवलं? खरं सांगू? शीळफाट्याचा फ्लॅट बांधला जात होता तेव्हा मी दर शनिवारी तिथे जाऊन उभा राहायचो. हा मुलगा कधी ना कधी परत येईल आणि इथे राहील, असं मनात घट्ट धरलं होतं. फ्लॅट विकला तेव्हा काही बोललो नाही. पण तिकडचं घर? ते झालं की संपलंच ना? म्हटलं, दोन दिवस राहू दे. मग आणखी दोन. एकदा पाकीट खिशात घालून तिच्या गाळ्यापर्यंत गेलो. आत चार माणसं बसलेली. ती मान खाली घालून कागद लावत होती. मी पुढे भाजी आणायला गेलो.

महिना संपला त्या दिवशी मला काय वाटलं? भीती वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

सप्टेंबर संपता संपता वैशालीच्या लक्षात आलं, की निखिलचं रिटर्न अजून तसंच पडून आहे. तिने त्याला कळवलं, त्याने मला फोन केला.

"बाबा, पाकीट दिलं होतंत ना?"

"अरे हो रे, दुसऱ्याच दिवशी. टेबलावर ठेवलं तिच्या. फोनवर होती, मान हलवली तिने."

ही मान हलवण्याची गोष्ट माझ्या तोंडात कुठून आली, मला माहीत नाही. पण त्या एका मानेमुळे माझं खोटं उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी वैशाली घरी आली, हातात तिची आवक वही घेऊन. आमच्या आतल्या खोलीत बसली — पाठ कपाटाकडे करून. त्याच कपाटाकडे. म्हणाली, "काका, वहीत नोंदच नाही. येणारा एकेक कागद मी लिहून ठेवते हो." पानं उलटून मला दाखवली. तारखा, नावं, सगळं स्वच्छ अक्षरात. तिची वही खरी होती, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? पोस्टात भांडायला आलेल्या माणसांना मी जन्मभर रजिस्टर दाखवूनच गप्प केलं होतं.

मी म्हणालो, "अगं, तू फोनवर होतीस. लिहायचं राहिलं असेल."

तिने वही मिटली. म्हणाली, "तुम्ही ठेवलं म्हणताय म्हणजे ठेवलंच असणार काका. त्या दिवसांत गर्दी इतकी होती... कुणाच्या तरी फायलीत गेलं असेल. माझीच चूक." आणि तिने माझी माफी मागितली. माझी! उठताना निखिलने दिलेली फी टेबलावर ठेवली. "त्यांना सांगाल ना, मुद्दाम नाही केलं?"

मी ते पैसे घेतले. नको म्हटलं तर तिला संशय येईल, अशी भीती वाटली — ती गेल्यावर पाकिटाचे तुकडे करणाऱ्या माणसाला आणखी कसली भीती असणार?

पुढचं सगळं तिनेच निस्तरलं. निखिलकडून नव्याने सही मागवली, उशीर माफ करण्याचा अर्ज केला, दर आठवड्याला पाठपुरावा केला. एक पैसा घेतला नाही. रिफंड आला, पण सव्वा वर्षाने. निखिलने ठरवलेलं घर तोवर दुसऱ्याने घेतलं होतं. दोन मुलांना घेऊन तो आणखी दोन हिवाळे तळघरातल्या भाड्याच्या खोल्यांत राहिला. परत मात्र आला नाही. येणारच नव्हता.

रागाच्या भरात त्याने सोसायटीच्या ग्रुपवर वैशालीचं नाव घालून लिहिलं — या बाईंकडे कागद देताना लेखी पोच घ्या, माझे हरवलेत. खाली चार जणांनी अंगठे दिले. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. पुढच्या जुलैत, ऐन रिटर्न्सच्या हंगामात, तिच्या गाळ्याबाहेर चपला दिसेनाशा झाल्या. त्यानंतरच्या वर्षी गाळा बंद झाला. एवढ्या एका कारणाने बंद झाला का, हे मला ठाऊक नाही. भाडंही वाढलं होतं म्हणतात. पण त्या "म्हणतात"च्या मागे मला लपायचं नाही.

आता ती ठाण्याला, माजिवड्याकडे एका फर्ममध्ये नोकरी करते. गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. हिला सांगितलं, दाताच्या डॉक्टरांकडे जातो. सांगायचं वाक्य घरूनच ठरवून नेलं होतं. वैशाली खाली आली, मला बघून खरंच आनंदली. "काका, एवढ्या लांब? फोन करायचा ना, तुमचं रिटर्न मी घरी येऊन भरलं असतं!" कोपऱ्यावर चहा घेतला, पैसे तिने दिले. सवय राहिली नाही हो वरिष्ठांची बोलणी खायची, म्हणाली आणि हसली. मग गंभीर झाली. म्हणाली, "निखिल अजून रागावलेत का हो? मी आता कागद घेताना दोनदा विचारते. तेव्हापासून स्वतःवरच विश्वास नाही राहिला."

मी म्हणालो, "नाही गं. तो विसरलाय सगळं."

ती वर गेली. मी रस्त्यावर उभा राहिलो, थोड्या वेळाने रिक्षा केली.

जे म्हणायला गेलो होतो ते एवढंच होतं — वैशाली, ते पाकीट मी तुला दिलंच नव्हतं, तुझी वही खरी होती, मी खोटं बोललो, मला क्षमा कर.