आडातली हवा

आमच्या घरामागच्या आडावर मी लग्न होऊन आले तेव्हापासून फरशी होती. गावात नळ आला आणि आड झाकला गेला. परवाच्या उन्हाळ्यात नळाला दोन-दोन आठवडे पाणी येईना, टँकरचा भरवसा नव्हता. माझ्या धाकट्या दिरानं ठरवलं की फरशी काढायची, गाळ उपसायचा, झरा जिवंत आहे का ते बघायचं. दीर वायरमन. गावातल्या निम्म्या मोटारी त्यानं जोडलेल्या. खांबावर चढणारा माणूस आडात उतरायला कशाला भिईल.

बंद आडात माणूस उतरण्याआधी दिवा सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. दिवा विझला तर उतरायचं नाही. का, ते कुणी नीट सांगत नाही. खाली साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, असतात, त्यांची परवानगी घ्यायची, एवढंच सांगतात. शेजारचे म्हातारे काका ही रीत पाळली जाते का ते बघायला येऊन बसले होते. मी तेव्हा शाळेत शिकवायला गेले होते. तिथं काय बोलणं झालं ते जावेनं मला नंतर सांगितलं.

"आधी दिवा सोड," काका म्हणाले.

"काका, कंदील ऱ्हायलाय का आता कुणाच्या घरी?" दिरानं चार्जिंगची बॅटरी बादलीत ठेवली. "ही सोडतो. ही तर वाऱ्यानं बी इझत न्हाई."

"चालतंय. आसरांला उजेड दिसल्याशी मतलब."

बादली तळाला टेकली. खाली लख्ख दिसत होतं. जावेनं नारळ फोडला, दिरानं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि दगडांच्या खाचांत पाय रोवत तो उतरला. कमरेला दोर बांधला नाही. दोर बादलीलाच लागणार होता.

मी सकाळची शाळा करून घरी आले तेव्हा माझे मिस्टर काठावर दोर धरून उभे होते. पर्स ठेवता ठेवता मी विचारलं, "दिवा सोडला होता ना?"

"सोडला की मॅडम," काका म्हणाले. "लख्ख होता."

गाळाच्या दोन-तीन बादल्या वर येऊन पडल्या होत्या. काळा, कुजका, चिकट गाळ. पुढची बादली खाली गेली आणि दोर हलेचना. मिस्टरांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मी वाकून बघितलं. तळाशी पांढरी बॅटरी जळत होती आणि तिच्या शेजारी दीर भिंतीला डोकं टेकून बसला होता, झोप लागल्यासारखा.

मी विज्ञान शिकवते. काय झालंय ते मला तिथंच कळलं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. वर्षानुवर्षं झाकलेल्या आडात पाला कुजतो, जुन्या साखळ्या गंजतात. कुजणं असो की गंजणं, दोन्ही हवेतला ऑक्सिजन घेतात. कुजण्यातून निघालेला जड वायू तळाला साचतो, आणि गाळ ढवळला की आणखी निघतो. दिव्याच्या ज्योतीला तोच ऑक्सिजन लागतो जो माणसाला लागतो, म्हणून ज्योत माणसाच्या आधी मरते आणि सांगून जाते. बॅटरीच्या उजेडाला हवा लागतच नाही. ती पाण्यात बुडाली असती तरी तशीच लख्ख राहिली असती.

मिस्टरांचा एक पाय काठावरून आत गेला होता. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि मातीत बसकण मारली.

"सोड."

"नाही सोडत. खाली हवा नाही."

"माझा भाऊ हाय तो. श्वास रोखून जातो अन् घेऊन येतो."

"एवढा माणूस उचलून श्वास रोखून चढता येतं? तुम्हीही तिथंच बसाल. मग तुम्हाला कोण काढणार, मी?"

त्यांनी कोपर मागं मारलं, ते माझ्या दाताला लागलं. काका उठले आणि त्यांनी मिस्टरांचा हात धरला. म्हातारा माणूस, पण त्यांची पकड अजून पक्की होती. "ऐक तिचं," ते म्हणाले. "दोघं जाताल बे."

आडातली हवा बदलायची तर ती ढवळायला हवी होती. पंखा लावावा तर लाईट गेलेली. मी जावेला म्हणाले, घरातलं सगळं पाणी आण. ती बघतच राहिली. "पाणी?" टँकरचं भरून ठेवलेलं पाणी, ज्यात आम्ही भांडीसुद्धा घासत नव्हतो. "आण म्हणते ना." तिनं पिंप ओढत आणलं. आम्ही कळशीनं ते आडाच्या कडेकडेनं ओतत राहिलो, म्हणजे पडताना वरची हवा खाली ओढली जाईल. काकांनी दारातल्या लिंबाचे डहाळे तोडून स्वतःच्या घरून आणलेल्या दोराला बांधले. मिस्टर ते डहाळे खाली सोडत आणि वर ओढत, सोडत आणि ओढत. डहाळे वर येताना कुजका वास यायचा. दिराच्या डोक्यावर पाणी पडत होतं आणि तो हलत नव्हता.

मी देवघरातलं निरांजन आणलं, पत्र्याच्या डब्यात ठेवून दोरीनं सोडलं. अर्ध्यात गेलं आणि विझलं.

"आता तरी जाऊ दे," मिस्टर म्हणाले. त्यांचा आवाज रडका झाला होता. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.

"नाही. ओता."

जाऊ काठावर डोकं आपटायला लागली. "दिवेच लावीत बसा," ती मला म्हणाली. "माझा नवरा मरतोय अन् तुमी दिवे लावा."

मी तिला कळशी दिली. दुसऱ्यांदा निरांजन तळाच्या जवळ जाऊन विझलं. पिंपाचा तळ दिसायला लागला. शेजारच्या बायका आपापल्या घरातल्या घागरी घेऊन आल्या, न सांगता. पुढच्या वेळी ज्योत तळाला पोचली, बारीक झाली, आणि बारीकच राहिली. विझली नाही.

"जा," मी म्हणाले. काकांनी मिस्टरांच्या काखेतून दोर घेऊन गाठ मारली होतीच. मिस्टरांनी खाली जाऊन बादलीच्या दोरानं भावाला बांधलं. आम्ही बायकांनी आणि काकांनी आधी त्याला ओढलं, मग त्यांना. दिराचे ओठ निळे होते. श्वास होता, पण मोजून मापून घेतल्यासारखा. मी त्याच्या तोंडातला गाळ बोटानं काढला आणि तोंडानं हवा भरत राहिले. घाटनांदूरहून बोलावलेली जीप येईपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्याला मास्क लावला. जाऊ नळीकडं बघत म्हणाली, "हे जे देतेत, ते वर वाऱ्यात फुकट होतं की."

दीर जगला. माणसं ओळखतो. पण शब्द सापडत नाहीत, उजवा हात थरथरतो, स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही. बाकीचं शरीर थोडा वेळ हवेशिवाय काढतं, मेंदूला तेवढं थांबता येत नाही. डॉक्टरांनी हे मिस्टरांना सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी समजावायला गेले नाही. समजावून काय होणार, हात तर थरथरतोच.

विचारलं ते जावेनं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो, ती परातीत कणीक मळत होती.

"अक्का, दादांना तुमी धरलं नसतं तर?"

"तर दोघं गेले असते."

"हे तुमाला वाटतंय का म्हाईत हाय?"

"माहीत आहे."

तिनं कणकेला पाण्याचा हात लावला. "अन् तुमी दिवे लावले तेवढ्या वेळात ह्यांचं डोकं गेलं. हे बी खरं हाय का?"

"हो," मी म्हणाले. "तेही खरं आहे."

तिनं कणकेचा एक गोळा तोडला, दारात बसलेल्या दिराच्या उजव्या हातात ठेवला, त्याची बोटं त्यावर एकेक करून मिटवली आणि माझ्याकडं पाठ करून त्याला म्हणाली, "दाबा."