फिल्ममधून पाहिलेला सूर्य

उजवी मूठ डोक्यावर न्यायची, दात आवळून गुडघ्यापर्यंत आणायची आणि म्हणायचं, "जेवढा जोर, तेवढा तळ!" मोहाडीच्या आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची ही सवय. तुमच्याही शाळेत असा एखादा असेल, आठवून पाहा.

ऐंशीनंतरची वर्षं. मी तिथे मराठी शिकवत होतो. सूर्यावर स्फोट होतात, त्यांतले कण खाली झेपावतात आणि जिथे अडतात तिथे क्ष-किरण निघतात, हे सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. कमी जोराचे कण वरच्या विरळ थरातच अडतात, जास्त जोराचे खालच्या दाट थरापर्यंत पोचतात. म्हणून किरण जितके तीव्र, तितकी त्यांची जागा खाली. हे शिकवायला सर वर्गाला धानाच्या बांधीत, रोवणीसाठी चिखल केलेल्या वाफ्यात, नेत. एक खडा अलगद सोडत, दुसरा ताकदीनं मारत आणि चिखलात कोपरापर्यंत हात घालून दोन्ही शोधत.

बांधावरच्या बाया हसत. "सर, सूर्याचा रोवणा करून राहिले का?"

"पीक दिसन बाई, थांबा!"

मग सूर्यग्रहण आलं. सरांनी दवाखान्यातून छातीच्या जुन्या एक्स-रे फिल्म आणून पोरांना वाटल्या. "काळ्या भागातून पाहा," एवढंच सांगितलं. तळ्यात मासे धरणाऱ्या एका ढिवराची सातवीतली पोरगी बरगडीच्या फिकट पट्टीतून पाहत राहिली. सगळ्यांत जास्त वेळ. तिला तो खालच्या थरातला स्फोट पाहायचा होता.

तिच्या डाव्या डोळ्यासमोर काळा डाग बसला, तो कायमचा. डॉक्टर म्हणाले, फिल्मचा काळा भागसुद्धा धोक्याचाच.

गाव म्हणालं, ग्रहण बाधलं. हेडमास्तरांनी सरांना बाजूला घेतलं. "लोक आपल्याच तोंडानं ग्रहणाचं नाव घेऊन राहिले. तुमी काहून बोलता? चूप राहा."

अंधश्रद्धा त्या माणसाला आयती सोडवत होती! आणि वर्गात तिच्याविरुद्ध गर्जणारा मी तेव्हा गप्प होतो.

सर पालकांच्या सभेत उभे राहिले. मूठ उचलली नाही, आवाज चढवला नाही. "ग्रहणानं काही केलं नाही. फिल्म मी देली. पोरीचा डोळा माह्या चुकीनं गेला."

त्याच दिवशी त्यांना काढलं. कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही.

चार दिवसांनी पोरीचा बाप शाळेत आला. मला वाटलं, भांडायला आला.

"सर कुठी हायेत?"

"गेले."

तो दारातच थांबला. "मले सांगाचं होतं त्याईले. घरी सारे पोरीले ग्रहण बाधलेली अवदसा म्हनत, चुलीजवळ येऊ देत नोयते. आता येऊ देतेत."