अण्णांनी पाहिलेला बॉयलर

मी निघाले तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात होता. अण्णा, माझे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर होते. पाळी संपवून थेट सांगलीच्या एसटी स्टँडवर आले, केसांत राख तशीच. बस हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं थंडी फार. काही अंगावर काढू नकोस."

त्याला चौदा वर्षं झाली. जर्मनीत ब्योब्लिंगेनमध्ये मी गाड्यांच्या भागांचं डिझाइन करते, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. मुलीला मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. गेल्या वर्षी आई गेली. हिवाळ्यात अण्णांना इकडे आणलं, कायमचे राहतील या आशेनं. त्याआधी तळघरातला, घर गरम ठेवणारा जुना बॉयलर काढून नवा कंडेन्सिंग बसवला.

पहिल्याच सकाळी अण्णांनी खोलीतल्या रेडिएटरला हात लावला. "हे कोमटच हाय गं. बिघडलंय."

मी समजावलं. जुना बॉयलर गरम धूर वाफेसकट बाहेर सोडायचा. हा नवा तोच धूर रेडिएटरमधून परतलेल्या पाण्यानं थंड करतो. वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता घरालाच मिळते, गॅस कमी लागतो. परतणारं पाणी फार गरम असेल तर हे जमत नाही, म्हणून रेडिएटर दिवसभर कोमटच.

त्यांना ते बघायचंच होतं. तळघरात धुराच्या नळीवर त्यांनी तळहात ठेवला. नळी चक्क प्लास्टिकची, धूर इतका गार. हात बराच वेळ काढला नाही.

"जन्मभर वाफ आभाळात सोडली की मी," ते म्हणाले.

मग रोज न्याहारी झाली की ते खाली खुर्ची टाकून बसायचे. आम्ही कामावर, नात शाळेत.

फेब्रुवारीत मी विचारलं, "अण्णा, राहाल ना?"

"घर उबदार हाय तुझं. पण यंत्राशी किती बोलायचं, बाळ?"

मार्च लागताच त्यांना विमानात बसवलं.

तुम्ही सांगलीकडचे सगळे विचारता, आता घर कुठलं? तिकडे आई नाही, इथे अण्णा नाहीत. संध्याकाळी दमून येते. नवरा म्हणतो, "त्या खोलीची हायत्सुंग बंद कर गं, उगाच गॅस जळतोय." मी हो म्हणते, आत जाऊन अण्णांच्या पलंगावर जरा बसते आणि रेडिएटर तसाच चालू ठेवून बाहेर येते.